जनकाबाईंच्या जीपचं इंजिन

मित्रांनो, मी जीप नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांचा नेहमी घोळ होतो. रस्त्यानं गाडी गेली की सगळे म्हणतात, "वा, काय जीप आहे!" तिची चाकं बघतात, हॉर्न ऐकतात, रंगावरून हात फिरवतात. ती ज्याच्या जिवावर पळते त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. तो मी. मी एका जुन्या जीपचं इंजिन आहे, डोणगावच्या जनकाबाईंच्या जीपचं, आणि मला रडगाणं गायचं नाही. मला उपटून काढायचं ठरलं होतं. माझ्या जागी बसायला दुसरं इंजिन दारात येऊन बसलंही होतं. तरी मी अजून इथंच आहे. कसा, ते ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते, तिथं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. लोखंड ओतलं, घासलं, चार सिलिंडर, एक कार्बुरेटर, पुढं एक पंखा आणि तो पंखा फिरवणारा एक रबरी पट्टा, झालं माझं बारसं. या पट्ट्याकडं जरा लक्ष ठेवा बरं का. पंखा फिरला नाही, पाणी खेळलं नाही, की मी तापतो, आणि पंखा नि पाणी दोन्ही त्या पट्ट्यावर अवलंबून. मला बोटीत घातलं, जंगलात नेलं, चिखलात लोळवलं. लढाई संपली तेव्हा एका मोठ्या मैदानात आम्हाला उभं केलं आणि लिलाव पुकारला. ज्यांनी सायबांची जीव तोडून सेवा केली त्यांची ही बिदागी!

तिथं मला उकंडरावांनी घेतलं. मेहकर तालुक्यातल्या डोणगावचे हे शेतकरी. बाकीचे लोक गाडीचा रंग बघत होते. उकंडरावांनी मात्र बैलाचे दात बघावेत तसं बोनट उघडून मला बघितलं, कानाजवळ हात धरून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "याचा दम चांगला हाये. हेच पायजे." त्या एका वाक्यावर मी त्या माणसाचा झालो.

डोणगावची काळी माती तुम्ही पावसाळ्यात तुडवली आहे का? नसेल तर बढाया मारू नका. पाऊस झाला की ती पायाला, खुराला, चाकाला अशी चिकटते की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. गाड्या आसापर्यंत रुतायच्या. मग कोणीतरी धावत यायचं, "उकंडराव, इंजिन आना!" बघा, तेव्हा लोक जीप नाही म्हणायचे, इंजिन म्हणायचे. मी जायचो, साखळी लावली जायची, आणि मी गाडी बाहेर ओढायचो. मी बी-बियाणं वाहिलं, आजारी माणसं मेहकरच्या दवाखान्यात नेली, नवरदेव वाहिले. नवं राज्य झालं त्या वर्षी मेहकरच्या मिरवणुकीत माझ्या बोनटावर झेंडा लावला होता. मे महिन्याचं ऊन, त्यात खालून माझी धग! झेंडा धरणारा गडी सारखा हात बदलत होता आणि तरी सोडत नव्हता.

माझं खरं काम मात्र घाटाचं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. वरचा मुलूख तो घाटावरचा, खालचा तो घाटाखालचा. आम्ही वरचे. खामगावची बाजारपेठ, तिथल्या जिनिंगा, तेलाच्या गिरण्या, सगळं खाली. कापूस घेऊन उतरायचं आणि ढोरांसाठी सरकीची ढेप घेऊन चढायचं. उतरायला काय, ढकललं तर दगडही उतरतो. चढताना कळतं कोण किती पाण्यात आहे.

उकंडरावांनी मला घरचा बैल मानलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं त्या खांद्याला हळद घातलेलं ऊन ऊन तूप पळसाच्या पानानं लावायचं, शेक द्यायचा, आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उकंडराव बैलांचं झालं की माझ्याकडं यायचे, बोनटावर तुपाचं एक बोट ओढायचे आणि मलाही आवतण द्यायचे. मला पुरणपोळीचा उपयोग नव्हता, पण बोलावणं आलं की बरं वाटायचंच.

मग एका हिवाळ्यात उकंडराव तापानं गेले. ज्या गाडीतून सगळ्या गावाला दवाखान्यात नेलं, त्याच गाडीतून मी त्यांनाही नेलं. परत आणलं तेव्हा ते बोलत नव्हते. मला त्याबद्दल जास्त सांगता येत नाही.

त्यानंतर मला गोठ्याच्या टोकाला उभं केलं गेलं. सीटवर कोंबड्या बसू लागल्या. उंदरांनी वायर कुरतडली. गावानं ठरवूनच टाकलं की जनकाबाई, म्हणजे उकंडरावांच्या मंडळी, आता वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला, देतील आणि घरात बसतील. त्यांची जमीन गावापासून लांब, पार टेकडीच्या पायथ्याला. बाईमाणूस तिथं रोज जाणार कसं?

एका सकाळी जनकाबाई गोठ्यात आल्या. त्यांनी आधी कोंबड्या हाकलल्या. मग ड्रायव्हर फकीर मोहम्मद यांना बोलावणं धाडलं. हे फकीरभाई आमचे जुने. ड्रायव्हरही तेच, मिस्त्रीही तेच.

"फकीरभाई, हे सुरू करा. मले वावरात जायचं हाये."

"करतो ना बाई. तुम्ही मांगं बसा, मी पडदा लावून देतो."

"मांगं कायले? मले पुढचं दिसाले पायजे."

आणि त्या पुढं बसल्या. डोक्यावरचा पदर घट्ट खोचून, फकीरभाईंच्या शेजारच्या सीटवर. गाव ओट्याओट्यावरून बघत होतं. कोणी म्हणालं, "काय बाई आहे!" कोणी काही वाईटही म्हणालं. मी मुद्दाम मोठा आवाज केला, म्हणजे त्यांना ते ऐकू जाऊ नये. त्या दिवसापासून त्या वावरात जाऊ लागल्या, मेहकरच्या कचेरीत जाऊ लागल्या, खामगावच्या बाजारात स्वतः उभ्या राहून कापसाचा भाव करू लागल्या. बटईची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

आता अर्जुनराव. हे जनकाबाईंचे धाकटे दीर, शेजारीच वेगळं घर. माणूस वाईट नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगतो. वहिनीचं काही अडलं तर धावून यायचे. पण त्यांना डिझेलचं वेड लागलं होतं. कोणी डिझेलचं नाव काढलं की त्यांची कळी खुलायची. मी समोरून गेलो की ते नाक उडवून म्हणायचे, "हे म्हातारं पेट्रोल पिते का ढोसते?" मी धूर सोडायचो, तो मुद्दाम त्यांच्याच दिशेनं.

त्या वर्षीचा पोळा आला. फकीरभाईंची मुलगी बानो मलकापूरला दिलेली, ती बाळंत झाली म्हणून ते तिकडं गेले होते. खांदमळणीच्या दिवशी आमचे सालदार पुंजाजी तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आले. पुंजाजींचा सगळा जन्म बैलांत गेला. मालक गेल्यापासून माझ्या बोनटावर तुपाचं बोट ओढायला कोणी नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. या वर्षी त्यांनी ठरवलं, करायचं तर नीट करायचं. त्यांनी बोनट उचललं.

"कुठी हाये रे बाबा तुहा खांदा?" ते वाकून शोधू लागले. मग त्यांची नजर त्या रबरी पट्ट्यावर गेली. कडा झिजलेल्या, रबर घासून चकचकीत झालेलं. "हाव, हे पाहा! सालभर इथंच घासून राह्यलं बिचाऱ्याले."

आणि पुंजाजींनी पळसाच्या पानानं त्या पट्ट्याला तूप चोळलं. हातानं पंखा फिरवून फिरवून चोळलं, कुठं कोरडं राहू नये म्हणून. हळदीचं, ऊन ऊन, घरच्या गाईचं तूप. मी आतून बोंबलत होतो, "अहो पुंजाजी, तिथं नका! तिथं घासलंच पाहिजे! घासतं म्हणून तर पंखा फिरतो!" पण माझी बोंब ऐकतो कोण? आणि खरं सांगू, इतक्या मायेनं मला कोणी हात लावून फार दिवस झाले होते. पुंजाजींनी शेवटी हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझा राग तिथंच गळाला.

पोळा झाला. दोन दिवसांनी ढेप आणायला खामगावला जायचं निघालं. फकीरभाई नव्हते, म्हणून अर्जुनराव गाडी चालवायला बसले. शेजारी जनकाबाई. उतरताना मला काही त्रास झाला नाही. ढेपेची पोती भरली, आणि परतीचा घाट सुरू झाला.

पहिल्या वळणालाच मला कळलं की पट्टा माझ्या हातात नाही. मी फिरत होतो आणि तो जागच्या जागी घसरत होता. पंखा मरतुकड्यासारखा हलत होता. पाणी खेळेना. मी तापलो, मग आणखी तापलो, आणि निम्म्या घाटात माझ्या पाण्याला कढ आला. रेडिएटरमधून वाफेचा असा फवारा उडाला की अर्जुनराव बोनट उघडून मागं सरकले.

"खलास!" ते म्हणाले. "वहिनी, हे इंजिन खलास झालं."

खलास? मी? अहो, हात लावा त्या पट्ट्याला! एकदा बोट लावा! पण ते वाफेकडं बघत होते. गार व्हायला थांबले, ओहोळाचं पाणी डब्यानं आणून घातलं, पुढं गेले, पुन्हा थांबले. असं करत करत आम्ही डोणगावच्या शिवेपर्यंत आलो आणि तिथं मी बंद पडलो. मग पुंजाजी बैल घेऊन आले. शिंगं अजून रंगवलेली, गळ्यात पोळ्याच्या माळा. ज्या बैलांच्या गाड्या मी चिखलातून ओढल्या त्याच बैलांनी मला ओढत गावात आणलं. पुंजाजींच्या डोळ्यांना धार लागली होती. "मालकानं लय जीव लावला व्हता याले," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी अंगणात बैठक बसली. मी गोठ्यात होतो, मला दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," अर्जुनराव म्हणाले. "मी डिझेलचं इंजिन आनतो. हे जुनं काढून टाकू. सारं मी पाहतो, तुमाले तोशीस नाही."

"आन गाडी?" जनकाबाईंनी विचारलं.

"गाडीचं काय? इंजिन माहं म्हनल्यावर गाडी माह्याच दारात राहीन. तुमाले कुठी जायचं असलं की निरोप धाडजा. मी नेऊन सोडीन."

"आन तुमाले येळ नसला तं?"

"तं दुसऱ्या दिवशी जाऊ. पळून चाललं काय वावर?"

ते हे प्रेमानं बोलत होते, तीच तर पंचाईत होती. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. मदत करायला आलेल्याशी काय भांडणार? पण मी समजलो आणि त्याही समजल्या. मी गेलो की गाडी अर्जुनरावांच्या दारात जाणार. मग वावरात जायचं तर निरोप, बाजारात जायचं तर निरोप, आणि निरोपाला उत्तर येईपर्यंत उंबऱ्यात बसायचं. म्हणजे पुन्हा पडद्यामागची सीट. एका इंजिनाबरोबर एका बाईचं फिरणं उतरवून ठेवायचं चाललं होतं, आणि सगळे म्हणत होते, किती भला दीर!

आठवडा उलटला नाही तोच लाकडी खोक्यातलं नवं इंजिन आलं आणि गोठ्यासमोर ताडपत्रीखाली बसलं. येणारा जाणारा ताडपत्री उचलून बघायचा आणि "वा" म्हणायचा. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण मी त्याला मनातल्या मनात बजावलं, "बस तिथंच. माझ्या जागेकडं डोळा लावू नकोस. मी अजून उठलेलो नाही."

मग फकीरभाई मलकापूरहून आले. नातवाचे पेढे वाटायच्या आधी ते माझ्याकडं आले. त्यांनी पाणी भरलं, मला सुरू केलं आणि बोनट उचलून उभे राहिले. जनकाबाईही येऊन उभ्या राहिल्या. मी चालू झालो, घसरता पट्टा तापला, आणि जनकाबाईंनी मान वर केली.

"हे कोन तूप कढवून राह्यलं?"

"तूप?" फकीरभाई म्हणाले. "बाई, इथं कायचं तूप?"

"अहो हळदीचं तूप जळून राह्यलं. मले काय वास समजत नाही?" त्यांनी नाक पुढं केलं, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं. "बंद करा बरं."

फकीरभाईंनी मला बंद केलं. जनकाबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळं आणि चकचकीत झालं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं, मग हाक मारली, "पुंजाजी!"

पुंजाजी आले आणि छाती पुढं काढून म्हणाले, "म्या लावलं. खांदमळणीले. मालक नुसतं वरून लावत, म्या बराबर लावलं. जिथं घासते तिथंच लावा लागते ना?"

फकीरभाई खाली पोत्यावर बसले आणि पोट धरून हसू लागले. त्यांना बोलता येईना. जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला. उकंडराव गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुंजाजींना फकीरभाईंनी कसंबसं समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे याले म्या मारलं काय?"

"मारलं नाही, पुंजाजी," जनकाबाई म्हणाल्या. "लाड केला. जरा जास्तच केला."

तुम्हाला वाटेल गोष्ट इथं संपली. छे! अर्जुनराव आले, सगळं ऐकलं, मनमोकळे हसलेही. आणि मग म्हणाले, "पट्टा नवा टाकला म्हनून म्हातारं जवान होते काय? तेल खाते, धूर सोडते. आज पट्टा, उद्या आनखी काही. खोका दारात येऊन पडला, वहिनी. काढूनच टाकू."

जनकाबाईंनी फकीरभाईंकडं बघितलं.

"खोटं कायले बोलू, बाई," ते म्हणाले. "पिस्टनच्या रिंगा झिजल्या हायेत. तेल खाते हे खरं. पन जान हाये याच्यात अजून, लय जान हाये."

मीही खोटं बोलणार नाही, मित्रांनो. मी म्हातारा झालो होतो. अर्जुनराव चुकीचं बोलत नव्हते. पण म्हातारा होणं वेगळं आणि संपणं वेगळं.

जनकाबाईंनी पिवळं बोट पदराला पुसलं. "भाऊजी, ऐका. रिंगा नव्या टाकू, पट्टा नवा टाकू. मंग खामगावातून मांगच्या येळेएवढीच ढेप भरू आन घाट चढू. तुम्ही सोबत या. न उकळता चढलं तं इंजिन हेच राहीन आन गाडी माह्या दारात राहीन. मधात पानी उकळलं तं तुम्ही म्हनसान तसं."

"शब्द?" अर्जुनराव म्हणाले.

"शब्द."

अर्जुनराव गेल्यावर फकीरभाई कुजबुजले, "बाई, हे काय केलं तुम्ही? एवढी मोठी पैज कायले? जरा जपून..."

"जपून काय करू, फकीरभाई? गाडी दुसऱ्याच्या दारात गेली तं मी आपल्या दारात बसली. मंग काय जपू?"

हे ऐकून मी घाबरलो, स्पष्ट सांगतो. इतके दिवस मी नुसता फुरफुरत होतो. आता एका बाईनं आपलं सगळं माझ्या जिवावर लावलं होतं. उकंडरावांनीसुद्धा माझ्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता.

फकीरभाईंनी मला खोललं. पोत्यावर माझे तुकडे मांडले, पिस्टन रॉकेलनं धुतले, जुन्या रिंगा काढल्या, नव्या बसवल्या. पुंजाजी जवळ बसून असायचे आणि प्रत्येक गोष्टीला विचारायचे, "फकीरभाई, इथं हात लावू काय? इथं लावू काय?" जनकाबाई रोज येऊन बघायच्या आणि एकच विचारायच्या, "घाट चढीन ना?" फकीरभाई म्हणायचे, "चढीन बाई." पण म्हणताना ते माझ्याकडं बघायचे, त्यांच्याकडं नाही.

शेवटी तो दिवस आला. खामगावला गिरणीच्या दारात ढेपेची पोती भरली. फकीरभाई चालवायला, शेजारी जनकाबाई, मागं पोत्यांवर पुंजाजी आणि अर्जुनराव. अर्जुनरावांनी पोती हलवून बघितली आणि म्हणाले, "बराबर. मांगच्या एवढंच हाये." मग घाट लागला.

पहिलं वळण गेलं. पट्टा घट्ट, पंखा गरगर. ज्या वळणावर मी मागच्या वेळी उकळलो तेही गेलं. मी मनात म्हटलं, बघा! आणि तेवढ्यात फकीरभाईंनी ब्रेक दाबला. पुढं चढावर कापसाची एक गाडी आडवी झाली होती, बैल बसले होते, रस्ता बंद. आम्ही ऐन चढावर उभे राहिलो. पुंजाजींनी खाली उडी मारून चाकामागं दगड लावला.

चढावर थांबणं म्हणजे इंजिनाची परीक्षा. गाडी उभी, वारा नाही, मागं एवढं ओझं. मी जागच्या जागी तापू लागलो. जनकाबाईंनी डाव्या हातानं समोरची दांडी धरली होती, ती त्यांनी सोडली नाही. "बंद करू काय, बाई?" फकीरभाईंनी विचारलं. "नका करू," त्या म्हणाल्या. माझ्या पाण्यात बुडबुडे यायच्या बेतात होते. मी पंख्याला म्हटलं, फीर रे बाबा, फीर. आज आपल्याला हसू करून घ्यायचं नाही.

कापसाची गाडी कशीबशी बाजूला झाली. फकीरभाईंनी गिअर टाकला. मी जोर लावला आणि गाडी हलेना. पुन्हा जोर लावला. मागची चाकं खडीवर घसरली, सगळी गाडी थरथरली. आणि तेव्हा मागून अर्जुनरावांचा आवाज आला. मला वाटलं, आता म्हणणार, खलास. पण ते पोत्यांवर गुडघे टेकून, मुठी आवळून ओरडत होते, "चाल बे! चाल बे म्हाताऱ्या! सोडू नको! फकीरभाई, चारही चाकं लावा! पुंजाजी, दगड काढा!"

पैज ते विसरूनच गेले होते. यंत्रावर जीव असलेला माणूस, यंत्र जिद्दीला पेटलं की त्याच्या बाजूनंच होतो. फकीरभाईंनी दांडा ओढून पुढच्या चाकांनाही माझा जोर जोडला. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं दिलं, लढाईतलं, चिखलातलं, जेवढं उरलं होतं तेवढं. गाडी हलली. एक हात पुढं, मग दोन. पुंजाजी मागून धावत आले आणि पोत्यांवर चढले. त्यानंतर मी वर येईपर्यंत थांबलो नाही.

वरच्या सपाटीला चहाचं एक दुकान आहे. तिथं फकीरभाईंनी मला थांबवलं आणि बोनट उघडून रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते फिरवलं. सगळे वाकून बघत होते. वाफ नाही, कढ नाही. मी तापलो होतो, पण उकळलो नव्हतो. जनकाबाई खाली उतरल्या, थोडं लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसून परत आल्या.

दुकानात एक ट्रकवाला चहा पीत बसला होता. तो उठून आला, मला बघितलं, भरलेली पोती बघितली आणि सवयीप्रमाणे गड्यामाणसांत जो जरा बरा कपडा घातलेला दिसला त्याला, म्हणजे अर्जुनरावांना विचारलं, "राव, जोरदार इंजिन हाये. गाडी तुमची काय?"

फकीरभाई थांबले. पुंजाजी थांबले. जनकाबाई तर रस्त्याकडंच बघत राहिल्या. अर्जुनरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"नाही," ते म्हणाले. "वहिनीची हाये. इंजिन बी त्यायचंच."

नव्या इंजिनाचा खोका अर्जुनरावांनी स्वतः बैलगाडीत घालून नेला. ते आता त्यांच्या विहिरीवर बसलं आहे, पाणी झकास काढतं, माझी त्याच्याशी काही तक्रार नाही. मी इथं आहे. रोज सकाळी जनकाबाई पुढच्या सीटवर बसतात आणि मी त्यांना टेकडीच्या पायथ्याशी नेतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडून विनवणी करतात, आम्हाला सांभाळा म्हणतात. मी विनवणी करणार नाही. मी सांगतो आणि तुम्ही ऐका. आमच्यात तेल घाला, पाणी घाला, झिजलं ते बदला, आणि माया करायची तर कुठं करायची ते आधी विचारून घ्या. कोणाला खलास म्हणण्याआधी बोनट उघडून हात घालून बघा. आणि जुनं ठेवायचं की काढायचं हे ठरवायला बसाल, तेव्हा ते ज्याच्या जिवाचं आहे त्याला आधी विचारा. त्या दिवशी अंगणात मला कोणी विचारलं नव्हतं. जनकाबाईंनाही कोणी विचारलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी न विचारताच सांगितलं.